पाटी माझी, पण रस्ता कुणाचा?

मुलांनो, आज आपण एक भांडण सोडवायला घेऊ या.

समजा, एका जुन्या रस्त्यावर तुमच्या काकांचं घड्याळांचं दुकान आहे. इमारत शंभर वर्षांपूर्वीची. दगडी खांब, खांबांवर कमानी आणि कमानींवर कोरलेली पानं-फुलं. पण गिऱ्हाईक वर कशाला बघतंय? शेजारच्या बुटांच्या दुकानाने ही एवढी मोठ्ठी पिवळी पाटी लावली. म्हणून काकांनी तिच्याहून मोठी लाल पाटी लावली. पलीकडच्या मिठाईवाल्याने उघडझाप करणारे दिवे लावले. वर्षभरात सगळ्या कमानी पाट्यांमागे गडप! मग एक दिवस महापालिकेचा माणूस आला आणि म्हणाला, "पाटी उतरवा. कमान दिसली पाहिजे."

काका भडकले. "दुकान माझं, पैसे माझे, पाटी माझी! तुम्ही कोण सांगणार?"

आता सांगा, बरोबर कोण? काका की महापालिका?

थांबा, घाईघाईने निकाल देऊ नका. आधी सगळी हकिकत तर ऐकून घ्या. काका आपल्या कल्पनेतले असले, तरी असा रस्ता मात्र खराखुरा आहे. मुंबईचा दादाभाई नौरोजी मार्ग. क्रॉफर्ड मार्केटकडून निघायचं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून जायचं आणि थेट हुतात्मा चौक गाठायचा. वाटेत 'टाइम्स ऑफ इंडिया'ची इमारत लागते, पारशांची अग्यारी लागते, जे. एन. पेटिट वाचनालय लागतं. प्रत्येक इमारतीचा चेहरा निराळा. पण फुटपाथवरून चालताना एक गोष्ट सारखी तुमच्या सोबतीला असते. ती म्हणजे कमानींची पडवी. वर इमारत, खाली आपण. बाहेर पाऊस कोसळत असला, तरी डोकं कोरडं!

ही पडवी काही आपोआप झालेली नाही बरं का. पूर्वी मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती. 1860 च्या दशकात ती पाडली आणि शहर मोकळं झालं. या रस्त्याचं तेव्हाचं नाव हॉर्नबी रोड. पुढे 1896 मध्ये सरकारने नियमच केला, की इथे इमारत बांधायची असेल तर तळमजल्यावर कमानींची पडवी ठेवायचीच. वरचे मजले तुमच्या आवडीने बांधा. कुणी गॉथिक धाटणीने बांधले, कुणी आणखी कशा. पण खालची वाट येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी.

गंमत लक्षात आली का? आज आपण 'जुनं वैभव' म्हणून जे जपायला निघालो आहोत, ते मुळात एका नियमातून जन्मलं आहे. त्या वेळीही एखादा मालक कुरकुरला असेलच. पण तो नियम पाळला गेला, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही पावसाळ्यात तुम्ही-आम्ही त्या पडवीखाली उभे राहतो.

बरं, रस्ता सुंदर आहे हे सगळ्यांना कळतं. मग त्याच्यासाठी वेगळा कायदा कशाला हवा? कारण जुनी गोष्ट एकदा पाडली की परत आणता येत नाही, हे माणसाला बहुधा पाडल्यानंतरच कळतं! अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचीच गोष्ट घ्या. तिथे 1910 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन नावाचं एखाद्या राजवाड्यासारखं रेल्वे स्थानक उभं राहिलं. 1963 मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. लोक हळहळले, मोर्चे निघाले, पण उपयोग झाला नाही. स्टेशन गेलं ते गेलंच. त्यानंतर 1965 मध्ये शहराने कायदा केला आणि अकरा जणांचा एक आयोग नेमला. कुठल्या इमारती आणि कुठले मोहल्ले जपायचे, तिथे कुठले बदल चालतील आणि कुठले नाहीत, हे तो आयोग ठरवतो. त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स ही अख्खी वस्ती त्याने जपणुकीच्या यादीत घातली. एकेकटी इमारत नव्हे हं, अख्खी वस्ती!

हा 'अख्खी वस्ती'चा मुद्दा महत्त्वाचा आहे. वर्गाचा फोटो काढताना तीस मुलं गणवेशात आणि एकच जण झगमगीत जॅकेट घालून उभा राहिला, तर फोटो त्याच्या एकट्याचा बिघडतो का? सगळ्यांचा बिघडतो. रस्त्याचंही तसंच असतं. म्हणून काही ठिकाणी एकट्यादुकट्या इमारतीऐवजी पूर्ण परिसर जपावा लागतो.

मुंबईत अशी व्यवस्था 1995 मध्ये आली. महाराष्ट्र सरकारने मुंबईसाठी वारसा जतनाचे नियम जाहीर केले आणि सहाशेहून जास्त इमारती व परिसरांची यादी केली. शहरातल्या इमारतींबरोबर आख्ख्या परिसरांनाही असं कायद्याचं संरक्षण देण्यात मुंबई देशात पहिली. कामात सल्ला द्यायला एक समिती नेमली गेली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण लोक तिला सरळ 'हेरिटेज कमिटी' म्हणतात. तिच्यात वास्तुविशारद असतात, इमारतीची ताकद जोखणारे अभियंते असतात, इतिहासाचे जाणकार असतात, पर्यावरणाचे अभ्यासक असतात. एकाने सांगायचं, 'ही कमान का महत्त्वाची.' दुसऱ्याने तपासायचं, 'ती अजून किती वजन पेलेल.' समिती सल्ला देते आणि शेवटचा हुकूम महापालिका आयुक्तांचा.

यादीतल्या सगळ्याच इमारतींना सारखे नियम नसतात. त्यांच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीत देशाच्या दृष्टीने मोलाच्या वास्तू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर यांच्यासारख्या. त्यांना आत-बाहेर शक्यतो हात लावायचा नाही. मजबुतीसाठी जेवढं लागेल तेवढंच करायचं. दुसऱ्या श्रेणीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग. तिथे आतमध्ये गरजेनुसार फेरफार चालू शकतात, पण इमारतीचं खास रूप हरवता कामा नये. 'ब' मध्ये कधीकधी त्याच आवारात नवं बांधकामही करता येतं, मात्र ते जुन्याला शोभलं पाहिजे. तिसऱ्या श्रेणीतल्या इमारतींनी रस्त्याला रूप आलेलं असतं. तिथे बदलांना बरीच मोकळीक असते.

आणि हो, एखादं नाव यादीत घालण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे काकांना आपलं म्हणणं मांडायची संधी असते. नुसतं दुकानात बसून चिडायचं नाही, लेखी कळवायचं!

समजा, काकांना दुकानाचा दर्शनी भाग बदलायचा आहे. त्यांनी नकाशे आणि फोटो जोडून महापालिकेकडे अर्ज करायचा. समिती काय बघेल? 'आम्हाला लाल रंग आवडत नाही' असं म्हणून चालणार नाही. तिचे प्रश्न वेगळे असतात. या बदलाने मूळचं काही कायमचं तुटणार आहे का? नवी खिडकी जुन्या खिडक्यांच्या ओळीत बसते का? एसीचं खोकं नक्षीवरच ठोकलं जाणार, की मागच्या बाजूला नेता येईल? पाटी कमानीच्या आत बसेल, की कमानीला झाकून टाकेल? आता आवडनिवड ज्याची त्याची असते, पण या प्रश्नांची उत्तरं फूटपट्टी घेऊन शोधता येतात. म्हणून तर नियम लिहून ठेवायचे. नाहीतर आज एका दुकानाला परवानगी, उद्या दुसऱ्याला नकार, आणि मग भांडणंच भांडणं.

दादाभाई नौरोजी मार्गावर नेमकं हेच झालं. 1998 मध्ये वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे या रस्त्याच्या अभ्यासाचं काम आलं. पाट्यांनी झाकलेल्या दर्शनी भागांचा अभ्यास झाला आणि एक मार्गदर्शक पुस्तिका तयार झाली. पाटी कुठे लावावी, केवढी असावी, खांब आणि नक्षी कशी मोकळी राहील, रस्त्यावरचे दिवे आणि बाकडी कशी असावीत, अशा त्यातल्या सूचना. पण पुस्तिका छापली म्हणजे पाटी उतरते थोडीच? दुकानदारांशी बोलावं लागलं, त्यांना पटवावं लागलं. पुढे तिथल्या मंडळींनी स्वतःच 'हेरिटेज माईल असोसिएशन' नावाची संस्था काढली. पाट्या उतरल्या, सुटसुटीत झाल्या आणि कमानींनी पुन्हा डोकं वर काढलं. या कामाची युनेस्कोनेही दखल घेतली.

आता काकांची दुसरी बाजूही ऐकू या. ते म्हणतील, "कमान तुम्ही बघायची आणि दुरुस्तीचा खर्च मी करायचा? आणि शेजारच्या गल्लीत वीस मजले चढताहेत, मी मात्र तीनच मजल्यांवर अडकून राहायचं?"

हा प्रश्न खोटा नाही. आई-बाबांना विचारलंत, तर ते मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या घरांबद्दल सांगतील. कित्येक ठिकाणी भाडं वर्षानुवर्षं अगदी नाममात्र राहिलं. एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू, असं मालक म्हणतो. गळक्या छपराखाली राहायचं कसं, असं भाडेकरू विचारतो. दोघंही खरं बोलतात आणि छप्पर मात्र गळतच राहतं.

मजल्यांच्या तक्रारीवर नियमांत एक तोड काढली आहे. तिचं नाव टीडीआर. कल्पना अशी, की हेरिटेजच्या नियमामुळे जेवढं बांधकाम तुम्हाला आपल्या जागेवर करता येत नाही, तेवढ्याचा हक्क कागदावर मिळवायचा. तो दुसऱ्या ठिकाणी वापरायचा किंवा विकायचा. इमारत जागच्या जागी राहते आणि मालक अगदीच रिकाम्या हाताने जात नाही.

पण सगळीकडे अशी तोड निघतेच असं नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, हे त्याचं दुखरं उदाहरण. तिचा बिडाचा सांगाडा 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतून, सुटा सुटा करून, जहाजाने मुंबईला आणला आणि इथे जोडला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी इथेच पाहिली. भारतात सिनेमा आला तो या इमारतीत! ती हेरिटेज यादीत दुसऱ्या श्रेणीच्या 'अ' भागात आहे. म्हणजे कुणी सहजासहजी तिच्यावर घण घालू शकत नाही. पण पावसाला आणि गंजाला यादी कुठे वाचता येते? 2005 मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि त्यात माणसाचा जीव गेला. जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीतही तिचं नाव आलं. तरीही 2019 मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

म्हणून मुलांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. समिती 'पाडू नका' असं सांगू शकते. पण इमारत जगवायची तर कुणीतरी दरवर्षी तिच्या पन्हळी साफ करायला हव्यात, भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच उपटायला हवा आणि त्यासाठी पैसे काढायला हवेत. नियम म्हणजे कुंपण. कुंपणाने झाडाला गुरं खात नाहीत, पण पाणी आपल्यालाच घालावं लागतं.

2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला 1930 नंतरच्या आर्ट डेको पद्धतीच्या. सगळ्या मिळून 94. आणि हे काही नुसतं संग्रहालय नव्हे. आर्ट डेको इमारतींमध्ये माणसं राहतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात, मुलं जिन्यावर पळापळी खेळतात. जपणूक म्हणजे काचेच्या कपाटात ठेवणं नाही. राहायचं, वापरायचं आणि तरीही रूप राखायचं, हेच तर अवघड आहे!

आता आपल्या भांडणाचा निकाल. दुकान काकांचं आहे, यात वाद नाही. पाटी लावायचा हक्कही त्यांचाच. पण कमान? ती त्यांच्या भिंतीत असली, तरी बघणारे डोळे सगळ्या गावाचे आहेत. म्हणून पाटी उतरवायची नाही, कमानीच्या आत बसवायची. आणि गावाला कमान हवी असेल, तर तिच्या डागडुजीची काळजी गावानेही वाटून घ्यायची. पटतंय का? पटत नसेल तर घरी वाद घाला, पण कारणं देऊन हं!

आणि एक काम करून पाहा. तुमच्या गावातला सगळ्यात जुना रस्ता निवडा. पुण्यातली पेठ असो, वाईचा घाट असो, पणजीची फोंतेंय वस्ती असो, नाहीतर तुमच्या तालुक्याची बाजारपेठ असो. समोरच्या फुटपाथवर उभं राहून एका इमारतीचं चित्र काढा. आधी जशी दिसते तशी. मग पाट्या, वायरी, प्लास्टिकची छपरं मनातल्या मनात काढून टाका आणि पुन्हा काढा. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. त्या इमारतीतल्या एखाद्या आजोबांना ती दाखवा आणि विचारा, "पूर्वी इथे काय होतं?"

बघा, तुमची चित्रांची वही संपेल, पण आजोबांचं सांगणं संपणार नाही!