उचक्या लागलेलं संगीत

गेल्या शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून एक ट्रॅक संपवला. हाउस, 128 बीपीएम. मध्ये ताईचा यमनचा आलाप, माझ्याच खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेला. सकाळी तिच्या कानाला हेडफोन लावले. तिनं सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "माझ्या आवाजाला उचक्या का लागल्यात रे?"

चूक माझीच. किक सोडून सगळ्याला साइडचेन लावला होता. बेस, पॅड, स्ट्रिंग्ज, आणि हात फिरला तसा आलापालाही. का? तर सगळे लावतात म्हणून!

मुळात ही भानगड साधी आहे. नेहमीचा कंप्रेसर ज्या आवाजावर बसवलाय त्याचीच पातळी बघून त्याला दाबतो. साइडचेनमध्ये तो नजर ठेवतो दुसऱ्यावरच. किक वाजली की बेस दबतो, किक ओसरली की वर येतो. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की गाणं खाली जातं ना, तेच तत्त्व.

आणि गरज खरी आहे. किक आणि बेस दोघंही साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या चिंचोळ्या बोळात राहतात. एकदम बाहेर पडले की लाटा कधी एकमेकींवर चढतात आणि मीटर लाल होतो, कधी एकमेकींना खातात आणि किकचा दमच जातो. अशा वेळी बेस क्षणभर 3-4 डेसिबल मागे सरकला की काम झालं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुसरा उपयोग तालासाठी. एरिक प्रिड्झचं 2004 चं 'कॉल ऑन मी' ऐका. तिथे दाबणं-सोडणं लपवलेलंच नाही, तोच गाण्याचा झोका आहे. मान आपोआप हलते. मस्त!

माझं भांडण तिसऱ्या प्रकाराशी आहे. ना दुरुस्ती, ना ताल, नुसता प्रिसेट. 128 ला दोन ठोक्यांमध्ये 469 मिलिसेकंद असतात. किक स्वतः दीडशे-दोनशे खाते. त्यापुढे रिलीज 400 ठेवला तर पॅड वर येतो न येतो तोच पुढची किक त्याला परत बुडवते. म्हणजे जो आवाज निवडायला आपण दोन तास घालवले, तो पूर्ण कधी ऐकूच येत नाही!

मग लावतो कशाला? कारण सगळं एकाच सप्तकात कोंबलेलं असतं आणि त्यातलं काही काढून टाकायला जीव होत नाही. आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एरर दिसत नाही, बग तिथंच.

"पण क्लबमध्ये किकच राजा असते!" मान्य. मग राजाच्या पायाखाली द्यायला आलाप कशाला आणायचा? मींड म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता जाणं. ती मी दर ठोक्याला कापत होतो.

रविवारी बसून बेसवरचे 3 डेसिबल तेवढे ठेवले. आलापाखालचा पॅड उडवला, किक आठ बार गप्प केली. ताईला परत ऐकवलं.

"आता बरंय. पण निषाद उतरलाय माझा. परत रेकॉर्ड करू."

उचक्यांमध्ये तो निषाद दोघांनाही ऐकू आला नव्हता.

असो. येत्या शनिवारी गाद्या परत उभ्या करतोय.