मेज कोणाचे, मांडणी कोणाची?

कचेरीत नवा साहेब यावा आणि त्याने एका रात्रीत प्रत्येक कारकुनाच्या मेजावरील फायली, शिक्के व टाचण्या आपल्या मर्जीप्रमाणे हलवून ठेवाव्यात, तर दुसऱ्या दिवशी काय गोंधळ उडेल हे सांगावयास नको. संगणकाच्या पडद्यावर मात्र हाच प्रकार दर काही वर्षांनी घडतो आणि त्याला सुधारणा असे नाव मिळते. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ८' ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा १९९५ पासून लोकांच्या सवयीचे झालेले 'स्टार्ट' बटण तिच्यातून नाहीसे झाले होते. बोटांनी हाताळावयाच्या पडद्यासाठी आखलेली मांडणी माउस व कळफलकावर काम करणाऱ्यांच्याही माथी मारण्यात आली. तक्रारी झाल्या तेव्हा वर्षभराने बटण परत आले. परंतु त्यामागील यादी परत येण्यासाठी २०१५ ची 'विंडोज १०' उजाडावी लागली. तोपर्यंत 'क्लासिक शेल'सारखी बाहेरची साधने बसवून अनेकांनी आपली जुनी सोय पुन्हा उभी केली.

हा दोष केवळ व्यापारी कंपन्यांचा आहे असे मानणे न्याय्य होणार नाही. लिनक्सच्या जगात एप्रिल २०११ मध्ये 'ग्नोम'ची तिसरी आवृत्ती आली आणि तिनेही जुन्या पट्ट्या व याद्या मोडीत काढल्या. त्याच महिन्यात 'उबुंटू'ने 'युनिटी' नावाची आपली वेगळी मांडणी सर्वांपुढे ठेवली. नाराजी येथेही तितकीच होती. फरक पडला तो पुढे. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने दुसऱ्या ग्नोमची मूळ आज्ञावली घेतली आणि दक्षिण अमेरिकेतील एका पेयावरून 'माटे' हे नाव देऊन ती मांडणी जिवंत ठेवली. त्यासाठी त्याला कोणाचीही परवानगी मागावी लागली नाही; तो हक्क परवान्यानेच दिलेला होता. युनिटीचा मात्र २०१७ मध्ये तिच्या निर्मात्यांनीच त्याग केला.

हे शक्य झाले याचे कारण रचनेत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'एक्स' या प्रणालीने पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम आणि खिडक्यांच्या मांडणीचे काम वेगळे ठेवले. त्यामुळे एकाच यंत्रावर 'केडीई', 'एक्सएफसीई' किंवा 'माटे' यांपैकी कोणतीही मांडणी बसविता येते आणि प्रवेशाच्या वेळी हवी ती निवडता येते. कागदपत्रे जागची हलत नाहीत. बदलते ते केवळ मेज. याउलट २०२१ मध्ये आलेल्या 'विंडोज ११'ने खालची पट्टी पडद्याच्या कडेला नेण्याची जुनी सवलतही काढून घेतली.

या स्वातंत्र्यावर एक आक्षेप घेतला जातो व तो फेटाळण्याजोगा नाही. प्रत्येकाचा पडदा निराळा झाला, तर शिकवावयाचे कसे आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणी करावयाची? शिवाय रंग व चिन्हे बदलण्यातच दिवस घालविणारेही असतात. म्हणूनच तयार मांडणी असावीच, आणि ती चांगली असावी. परंतु तयार मांडणी ही सोय आहे, सक्ती नव्हे. दृष्टी मंदावलेल्या कारकुनाला मोठी अक्षरे व मोजकी चिन्हे हवी असतात. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्या शाळेला एक्सएफसीईसारखी हलकी मांडणी परवडते. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी कितीतरी चालती यंत्रे निकाली निघाली. अशा वेळी मांडणी बदलण्याचा प्रश्न हौसेचा राहत नाही, तो पैशाचा होतो.

शिक्षकांनीही यातून एक बोध घ्यावयास हवा. कोपऱ्यातील अमुक चित्र दाबा, एवढेच शिकलेला विद्यार्थी चित्र हलताच निरक्षर होतो. ज्याने दोन निराळ्या मांडण्या हाताळल्या, त्याला फाईल म्हणजे काय आणि ती कोठे असते हे कळलेले असते. मेजावर बसून काम करणाराच ते मेज कसे लावावयाचे हे ठरवील, एवढी साधी गोष्ट यंत्र घडविणाऱ्यांनी मान्य केली, तरी पुष्कळ झाले.