५२५ पटींच्या मोहात पडू नका

पहिली दुर्बीण घ्यायला निघालेल्याला खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा हमखास भुरळ घालतो. गणिताने तो बरोबर असतो, पण आकाशाकडे पाहताना कामाचा नसतो. अशा दुर्बिणीचे भिंग बहुधा ६० मिलिमीटर व्यासाचे आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराचे असते. त्याला ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १७५ पट होतात; वर तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की झाले ५२५. भिंगात शिरणारा प्रकाश मात्र वाढत नाही. तेवढाच प्रकाश पसरतो आणि गुरूचा धुरकट गोळा उरतो. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण दोन पट, ही उपयुक्त वर्धनाची मर्यादा. म्हणजे ६० मिलिमीटरला १२०. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने ५२५ पटींवर ग्रह अर्ध्या मिनिटात नजरेआड होतो, आणि त्याला पुन्हा गाठायला जावे तर तकलादू तिपाई बोट लागताच थरथरते.

म्हणून पैसे मोजायचे ते व्यासासाठी आणि भक्कम स्टँडसाठी. १३० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगाच्या साडेचार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. अमेरिकेच्या जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेल्या साध्या, बुटक्या बैठकीवर तो बसवला, तर हलक्या हाताने फिरतो आणि सोडला तिथे थांबतो. शनीची कडी दिसायला तर तीसेक पटीही पुरतात.

‘मुलाची हौस टिकेल की नाही कोणास ठाऊक, मग स्वस्तातली का नको?’ हा प्रश्न रास्त आहे. पण हौस मोडते ती बहुतेकदा काहीच धड न दिसल्यामुळे. बजेट खरोखरच तोकडे असेल, तर १०×५० ची द्विनेत्री घ्यावी; कृत्तिका आणि गुरूचे चार चंद्र तिच्यातून दिसतात, शिवाय सहलीलाही ती उपयोगी पडते. शहरातल्या झगमगाटाची अडचण खरी आहे, पण ती अंधूक तेजोमेघांपुरती. चंद्र आणि ठळक ग्रह इमारतीच्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात. दुर्बीण जड असेल तर ती बाहेर काढण्याचाच कंटाळा येतो, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. त्यामुळे आठ-दहा इंची आरशाच्या मागे लागण्यापेक्षा एकट्याने उचलता येईल अशी दुर्बीण बरी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनात दोन-तीन दुर्बिणींना डोळा लावून पाहावे आणि मगच दुकान गाठावे. तिथे ‘किती पट?’ हे विचारूच नये. आधी व्यास विचारावा, मग स्टँड हलवून पाहावा.