भिंतीवरची देवी

आमच्या आळीतल्या चहाच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर सप्तशृंगीची एक तसबीर गेली निदान पंचवीस वर्षे टांगलेली आहे. तिची काच धुराने पिवळी पडली आहे, चौकटीच्या खालच्या कडेला उदबत्तीच्या राखेचे ठिपके साचले आहेत, आणि तरीही त्या काचेमागून दोन भलेमोठे, पांढरेशुभ्र डोळे दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाकडे अशा काही रोखाने पाहत असतात की, उधारीवर चहा मागण्याच्या बेताने आलेला मनुष्य क्षणभर का होईना घुटमळतो. गेल्या आठवड्यात दुकानदाराच्या थोरल्या मुलाने ती तसबीर उतरवून तिच्या जागी नवी, मूर्तीचे मूळ रूप दाखवणारी तसबीर लावण्याचा घाट घातला. सकाळची वेळ होती, पेपर नुकता आला होता, पहिल्या पानावर कसलीतरी राजकीय फाटाफूट ठळक अक्षरांत छापलेली होती. पण तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, आणि जुनी तसबीर राहावी की जावी या एकाच प्रश्नावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या.

परगावच्या वाचकांसाठी पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे भाग आहे. २०२२ साली २१ जुलैपासून ५ सप्टेंबरपर्यंत गडावरचे मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून, भगवतीच्या मूर्तीवर पिढ्यानुपिढ्या चढत आलेला शेंदराचा थर, जो हजार किलोंहून अधिक भरला, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आला. आणि त्या वर्षी २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पायऱ्या चढून वर गेलेल्या भाविकांना जे रूप दिसले ते त्यांच्याच काय, त्यांच्या आज्या-पणज्यांच्याही दृष्टीस पडलेले नव्हते. कड्याच्या अंगात कोरलेली अष्टादशभुजा मूर्ती तीच, एका बाजूस किंचित कललेली मानही तीच (समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत असता ती ऐकण्यासाठी देवीने मान कलती केली, ही कथा आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते). परंतु थराखाली बुजलेल्या कोरीव रेषा मोकळ्या झाल्या, आणि ज्या मुद्रेला आम्ही जन्मभर देवीची मुद्रा म्हणत आलो होतो ती शेंदराबरोबर निघून गेली. येथेच एक जुनी तक्रारही नोंदवून ठेवतो. गड आमच्या कळवण तालुक्यात, पायथ्याचे नांदुरी आमच्या तालुक्यात, आणि साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी मात्र ‘वणीची देवी’; वणी तर दिंडोरी तालुक्यात! महसुली दप्तरात आम्ही जिंकलो आहोत, लोकांच्या जिभेवर कायमचे हरलो आहोत.

त्या वेळी मी शेंदूर उतरवण्याच्या बाजूचा होतो, आणि आजही आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. ते तेलात कालवून वर्षानुवर्षे एकावर एक चढवत गेले की त्याचे ओझे होते, त्याला तडे जातात, त्यात ओल धरते, आणि ज्या पाषाणाच्या प्रेमापोटी हा सारा उपचार चालतो त्याच पाषाणाला अपाय होण्याची वेळ येते. एवढी साधी गोष्ट पटवून देताना मी दुकानात बरेच वक्तृत्व खर्च केले, त्यात पंढरपूरचा दाखला दिला, जेथे २०२४ साली मंदिराच्या जतनकामासाठी १५ मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवले गेले आणि वारकऱ्यांनी ते निमूटपणे सोसले. आणि एवढ्यावरही श्रोते द्रवले नाहीत तेव्हा थेट रोमला गेलो. तेथील सिस्टाइन चॅपेलमधली मायकेलअँजेलोची चित्रे १९८० पासून १९९४ पर्यंत टप्प्याटप्प्याने स्वच्छ करण्यात आली, मेणबत्त्यांच्या काजळीखालून ऊन पडावे तसे लखलखीत रंग बाहेर आले, आणि तेव्हा मोठमोठे कलापंडित हळहळले की आमचा गंभीर, अंधारा मायकेलअँजेलो कोठे गेला! काजळीलाच ते चित्रकाराचा स्वभाव समजून बसले होते. दुकानदाराने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग गुरुजी, तुमच्या घरच्या भिंतीवर कोणती आहे?”

जुनी आहे. उतरवण्याचा विचार माझ्या मनात दोनदा आला आणि दोन्ही वेळा खिळ्यापर्यंत गेलेला हात परत आला, हे मी त्या भरल्या दुकानात कबूल केले नाही. वर्तमानपत्रात कबूल करणे त्या मानाने सोपे जाते.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात, सगळी आळी त्यांना मोठी माय म्हणते. गुडघ्यांनी जवाब दिल्यापासून त्यांचे गडावर जाणे थांबले होते. २०१८ साली ट्रॉली सुरू झाली तेव्हा पुन्हा जाऊ लागल्या. नव्या रूपाचे दर्शन घेऊन त्या परतल्या त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे प्रसादाचे वाटप झाले, पण त्या स्वतः फारशा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “मायनी वळख पटनी नही.” आणि सुपातला खडा वेचून बाहेर टाकल्यावर, “पन तिले मनी पटनी व्हई.” मूर्तिसंवर्धनाच्या बाजूने मी जमवलेल्या साऱ्या युक्तिवादांना या दुसऱ्या वाक्याने जो आधार दिला तो मला अन्य कोठे मिळालेला नाही, आणि विरुद्ध बाजूचे सारे दुःख पहिल्या वाक्यात येऊन गेले आहे.

तथापि, ज्याला आम्ही ‘जुने रूप’ म्हणतो ते नक्की किती जुने, याची खातरजमा एकदा करून घेणे इष्ट. शेंदूर दरवर्षी चढत होता, म्हणजे चेहरा दरवर्षी बदलत होता. माझ्या आजोबांनी बैलगाडीने नांदुरीला जाऊन जी देवी पाहिली तिचे गाल माझ्या लहानपणच्या देवीइतके भरलेले नसणार, आणि त्यांच्या आजोबांची देवी त्याहून सडपातळ असणार. प्रत्येक पिढीने निराळे रूप पाहिले आणि आपण तेच पाहतो आहो अशी तिची खात्री होती, कारण बदल बोटाएवढ्या थराने होत होता, आणि बोटाएवढा बदल श्रद्धेला दिसत नाही, सवयीला तर नाहीच नाही. शिवाय भिंतीवरची तसबीर ही वस्तूच मुळी अर्वाचीन. आमच्या पूर्वजांच्या देवघरात टाक होते, सुपारीचा गणपती होता. चौकटीतले देव घरोघरी आले ते शिळाछापाच्या कृपेने. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला नेला, आणि तेव्हापासून लक्ष्मी कमळात कशी उभी असते, सरस्वतीची वीणा कोणत्या मांडीवर असते, याविषयी साऱ्या देशाची कल्पना एकाच मापाची झाली. पुढे दिनदर्शिका आल्या, सिनेमा आला. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’नंतर कित्येक घरांतल्या शुक्रवारी आंबट वर्ज्य झाले ते कोणत्या शास्त्राधाराने, हे विचारू नये. तेव्हा चहाच्या दुकानातली ती पंचवीस वर्षांची तसबीर, जिच्यासाठी एवढे रण माजले, ती देवीच्या दीर्घ आयुष्यातल्या फार तर एका दुपारची आहे.

एवढ्या वेळात मुलाने नवी तसबीर बाकावर उपडी ठेवली होती, आणि तिच्यावर कोणीतरी पेपर टाकला होता. त्या पेपरच्या आतल्या पानावर आमच्या गावची बातमी होती, कांद्याची. ‘कळवण’ हे नाव मोठ्या पेपरात येते ते बहुधा कांद्यासाठी, घाटातल्या अपघातासाठी, नाहीतर बिबट्यासाठी. आणि मला वाटू लागले आहे की हाही एक प्रकारचा शेंदूरच आहे, फक्त तो लावणाऱ्याच्या मनात भक्ती नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यात सरसकट बंद झाली, मे २०२४ मध्ये अटींसह सुटली, उरलेसुरले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. या प्रत्येक फर्मानाबरोबर कॅमेरे आले आणि रस्त्यावर कांदा ओतणारा, गळ्यात कांद्याची माळ घातलेला शेतकरी टिपून गेले. ती छायाचित्रे खोटी नव्हती. पण असे चित्र दहा वर्षे छापून आल्यावर दिल्ली-मुंबईच्या माणसाला शेतकरी म्हणजे तोच, हात वर केलेला, ओरडणारा, असे वाटू लागले तर दोष कोणाला द्यावा?

मला जो ठाऊक आहे तो असा. श्रावणातली एक दमट सकाळ. माझ्या परिचयाचे एक नाना त्यांच्या चाळीपाशी उभे. एप्रिलात भरलेला उन्हाळ कांदा, वर पत्रे, बाजूंना बांबूच्या फळ्या, हवा खेळावी म्हणून मध्ये सोडलेल्या फटी. नानांनी एका फटीतून कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले, आणि वैद्याने नाडी पाहावी तसे काही वेळ तसेच उभे राहिले. मग हात बाहेर काढून तळव्याचा वास घेतला. “खालून घाम सुटलाय,” एवढेच म्हणाले. दुपारपर्यंत घरातल्या बायका आणि दोन मजूर चाळीचे तोंड उघडून बसले. चांगला माल एकीकडे, गोल्टी एकीकडे, खाद एकीकडे, आणि काळे पाणी सुटलेला सडका माल पाटीत, उकिरड्यावर नेण्यासाठी. भाव वाढेल म्हणून थांबावे तर चाळीत माल सडतो, आणि आज न्यावा तर लिलावात जो पुकारा होईल त्यातून हमाली-तोलाई वजा जाता हिशोबपट्टीवर काय उरेल ते ठाऊकच असते. हा सारा हिशोब त्या मनुष्याने फटीत हात घालून, डोळे मिटून केला. तेथे घोषणा नव्हती, म्हणून कॅमेराही नव्हता.

पश्चिमेकडच्या आदिवासी गावांचेही तसेच. मार्च २०१८ मध्ये ६ तारखेला नाशिकहून निघून १२ तारखेला मुंबईत पोचलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात आमच्या आणि सुरगाण्याच्या डोंगरातली माणसे होती, आणि मुंबईने त्यांचे फाटलेले, रक्ताळलेले तळवे पाहून हळहळ व्यक्त केली, पाणी दिले, बिस्किटे दिली. उपकार विसरू नयेत. पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा दाखल करून कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालणारी तीच माणसे, आठवडे बाजारात नागली आणि खुरासणीचा भाव करताना व्यापाऱ्याला निरुत्तर करणारी तीच माणसे, यांचा चेहरा कोणाला आठवतो? पायांचेच छायाचित्र निघाले, आणि पायच लक्षात राहिले. पेपर आम्हीही रोज वाचतो आणि दुसऱ्या गावांना याच पद्धतीने ओळखतो. मालेगाव म्हटले की आमच्याच शेजारच्या माणसांच्या मनात पहिल्याने काय येते हे मला चांगले ठाऊक आहे, आणि चणकापूर धरणाचे जे पाणी गिरणेतून तेथवर जाऊन त्या गावाची तहान भागवते ते मात्र क्वचितच येते.

असो. दुकानातला वाद मिटला तो कोणाच्याही युक्तिवादाने मिटला नाही. मुलाने जुनी तसबीर उतरवली तेव्हा मागच्या भिंतीवर तिच्या आकाराचा एक स्वच्छ, पांढरा चौकोन निघाला, आजूबाजूची भिंत किती काळी झाली आहे ते पहिल्यांदाच दिसले, आणि नवी तसबीर मापाने लहान असल्यामुळे तिच्याभोवती त्या पांढऱ्याची एक पट्टी उरू लागली. ते फारच ओंगळ दिसत होते. दुकानदाराने एक अक्षर न बोलता जुनी पुन्हा खिळ्यावर चढवली. नवी सध्या साखरेच्या डब्यापाशी उभी आहे आणि तिलाही रोज फूल मिळते.

परवा स्टँडवरून येताना पाहिले, रेडियमचे काम करणाऱ्याच्या टपरीसमोर एक पिकअप उभी होती आणि चालक, पंचविशीतला तरुण, मागच्या काचेवर देवी काढून घेत होता. कारागिराच्या संगणकात दोन्ही रूपे होती. कोणते कापू, असे त्याने विचारले, तरुणाने दोन्ही पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाला, “नवीनच काप भाऊ, खरी तीच आहे. पण डोळे जुने लाव.” कारागीर हसला, मग त्याच्या लक्षात आले की गिऱ्हाईक हसत नाही. त्याने जुने डोळे वेगळे कापून त्या कोरीव, लहानखुऱ्या चेहऱ्यावर बसवले. ते कानांच्या बाहेर जाऊ लागले, तेव्हा त्याने कडा थोड्या छाटल्या. तरुणाने चार पावले मागे जाऊन पाहिले, पायातली चप्पल काढून हात जोडले, पैसे दिले. तासाभराने तीच गाडी मोकळा कांदा भरून बाजार समितीकडे वळताना दिसली, आणि मागून सायकलवर येणारा एक म्हातारा त्या डोळ्यांना पाहून बाजूला झाला.