माघारीचे धैर्य

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की महाराष्ट्रातील तरुणांना हिमालयाचे वेध लागतात. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठीवरच्या पिशव्यांची दाटी होते आणि नाताळच्या सुटीत उत्तरकाशी जिल्ह्यातील सांक्रीसारख्या लहानशा गावाच्या वाटेवर मराठी बोल ऐकू येऊ लागतात. या ओढीचे आम्हांस कौतुकच वाटते. ज्या समाजातील तरुणांस उंच जागी जाऊन उभे राहावेसे वाटत नाही, त्या समाजाची प्रकृतीच तपासावयास हवी. गिर्यारोहण हे वेड असेल. परंतु ते निरोगी वेड आहे. म्हणूनच या हंगामाच्या तोंडाशी, कडू वाटले तरी, दोन शब्द बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्याकडील बहुतेक गिर्यारोहक सह्याद्रीच्या शाळेत शिकलेले असतात. ही शाळा कडक आहे, पण सरळ आहे. तेथील धोका डोळ्यांना दिसतो. सुटा दगड हाताखाली हलतो, घसारा पायाखालून सरकतो आणि खाली दरी आ वासून उभी असते. बर्फाची रीत निराळी. तेथे जो उतार सर्वांत नितळ, शुभ्र आणि मोहक दिसतो, तोच पुष्कळदा सर्वांत घातकी असतो. मोठी हिमस्खलने बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सरकत नाही आणि त्याहून फार उभ्या जागी तो साचून राहत नाही. दुर्दैव असे की, चढाईस आणि बर्फावरून घसरत येण्याच्या क्रीडेस नेमका हाच उतार माणसाला हवाहवासा वाटतो.

हिमस्खलन म्हणजे अकस्मात कोसळणारे आकाश नव्हे. त्याची तयारी आठवडेच्या आठवडे चाललेली असते. हिवाळ्याच्या आरंभी थोडासा बर्फ पडतो. मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात. जमिनीलगतचा बर्फ त्या मानाने उबदार आणि वरचा पृष्ठभाग अतिशय गार, या तफावतीमुळे थराच्या आतल्या आत बाष्प वर सरकते व खालच्या हिमकणांचे जाड्या साखरेसारखे सुटे दाणे बनतात. हे दाणे एकमेकांस धरून राहत नाहीत. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेकडून येणारी वादळे त्यावर एकदोन दिवसांत प्रचंड बर्फ ओततात आणि वारा एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगास त्याची घट्ट लादी रचतो. लादी भक्कम दिसते, पण तिचा पाया साखरेचा असतो. ती निखळावयास एका माणसाचे वजनही पुरते.

येथेच विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. गिर्यारोहक आणि हिमक्रीडक ज्या स्खलनांत सापडतात, त्यांपैकी दहांतील सुमारे नऊ स्खलने त्या व्यक्तीच्या किंवा तिच्याच सोबत्याच्या भाराने सुरू झालेली असतात, असे या विषयाच्या अभ्यासकांस आढळून आले आहे. मग अपघातानंतर आपण जो ‘निसर्गाचा कोप’ हा शब्द वापरतो, त्याला अर्थ किती उरतो? दैवाकडे बोट दाखविणे सोपे असते; कारण दैवाला उत्तर देता येत नाही.

इशारे मिळत नाहीत असेही नाही. चंदीगड येथील संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमालयातील हिमस्खलनाच्या धोक्याचे अंदाज प्रसिद्ध करते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथजवळील माणा येथे रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमस्खलन कोसळले. ५४ जण त्यात सापडले. लष्कराने व इतर पथकांनी शर्थ करून ४६ जणांना वाचविले, आठ जण प्राणांस मुकले. चमोलीसह उत्तराखंडाच्या उंच भागांसाठी धोक्याचा इशारा आदल्याच सायंकाळी दिला गेला होता! इशारा देणे आणि इशाऱ्यावरून हलणे यांत किती अंतर असते, हे त्या आठ मृत्यूंनी दाखविले. हे मजूर तेथे हौसेने गेले नव्हते, पोटासाठी गेले होते. आपला तळ कोठे पडावा हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ज्याला परत फिरण्याची मुभा नाही, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याला तेथे नेणाऱ्याची असते, हे सरकारने नियमानेच पक्के करावयास हवे.

हौसेने जाणाऱ्याला मात्र ती मुभा असते आणि म्हणून त्याची जबाबदारी त्याच्यापाशीच सुरू होते. अनुभव हेच कवच, अशी कोणाची समजूत असेल तर ४ ऑक्टोबर २०२२ हा दिवस आठवावा. त्या दिवशी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन आले आणि २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सोळा दिवसांच्या आत सर केली होती. बर्फ माणसाची पदके पाहत नाही.

मग पर्वत बंद करावेत काय? आमचे स्पष्ट मत आहे की, बंदी हा उपाय नव्हे. हिवाळ्यातील पुष्कळ लोकप्रिय वाटा रानातून आणि सोंडेवरून जातात. तेथे हा धोका कमी असतो. भय आहे ते एका सोप्या शिखरावरून उतरताच अधिक उंच खिंडीची स्वप्ने पाहू लागणाऱ्या उतावळेपणाचे. गाडलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने मावळते. एवढ्या वेळात कोणतेही सरकारी पथक पोहोचू शकत नाही. वाचवू शकतो तो शेजारचा सोबती, आणि तोही त्याच्यापाशी संदेश देणारे-घेणारे यंत्र, शोधसळई व फावडे असेल आणि ती वापरण्याचा सराव असेल तरच. धोक्याच्या उतारांवर ही तीन साधने प्रत्येकाजवळ, वाटाड्या आणि हमाल यांच्याजवळसुद्धा, असल्याखेरीज कोणत्याही आयोजकाने पाऊल टाकू नये. ताज्या हिमवर्षावानंतरचे पहिले दोन-तीन दिवस थांबावे. रोजचा इशारा वाचून दाखवावा. आणि धोक्याच्या पाच पायऱ्यांतील तिसरीला ‘मधली’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. युरोपात सर्वाधिक बळी याच पायरीवर गेलेले आहेत. पाचव्या पायरीवर मनुष्य घरातून निघतच नाही. शेवटी, परत फिरण्याचा निर्णय नायकाचा असावा. पैसे भरलेल्या मंडळींच्या मतदानाचा तो विषय नव्हे.

राहता राहिले आपण, घरी बसलेले लोक. परत आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो, “शिखर झाले का?” ‘नाही’ म्हणताना त्याची मान खाली जाते, ती आपल्यामुळे. गनिमी काव्याचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राने माघारीस लाज मानावी, हे नवलच म्हटले पाहिजे. योग्य वेळी मागे फिरणे ही आपल्या पूर्वजांची युद्धविद्या होती. ‘गड आला, पण सिंह गेला’ हा उद्गार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्या गडावर स्वराज्याचे भवितव्य तरी अवलंबून होते. हिमालयातील कोणत्याही शिखरावर कोणाचे स्वराज्य अडलेले नाही. तेव्हा यंदा स्टेशनवर मुलांना उतरवून घ्यावयास जाल, तेव्हा शिखराची चौकशी मागाहून करा. आधी मोजा, गेले होते तितके सारे परत आले आहेत ना.