नाकाची साक्ष

"अहो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय," असे आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम म्हटले ते गेल्या वर्षीच्या नवरात्रात. "आत्ताच पंपावरून निघालोय; पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?" हे उत्तर मी दिले तेही त्याच क्षणी. वर्गात विद्यार्थी ज्या उत्तराला हसतात त्याला घरात कोणी हसत नाही, हे मला एव्हाना कळायला हवे होते.

आमची गाडी बारा वर्षांची. म्हणजे कन्येहून दोनच वर्षांनी धाकटी. घरच्या माणसाला कोणी नावे ठेवली की राग येतो, तसा मला गाडीच्या बाबतीत येतो. शिवाय मला स्वतःला वास येत नव्हता! रोज तासभर गाडीत बसणाऱ्या मला जो वास येत नाही, तो आठवड्यातून एकदा बसणाऱ्या बाईंना कसा येतो? हा युक्तिवाद मला बिनतोड वाटे. पुढे उमगले, की तो नेमका उलटा होता. वासाची सवय झाली की नाक त्याची वर्दी देणे सोडून देते. रोज बसणाऱ्याचे नाक हा फितूर साक्षीदार. बाहेरच्या स्वच्छ हवेतून येऊन दार उघडणाऱ्याची साक्ष खरी.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी मी टाकी काठोकाठ भरून आणली. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला निघायचे होते. संध्याकाळी इमारतीतली मुले खाली, गाड्या ठेवण्याच्या जागेत, पणत्या मांडत होती. आमची कन्या एक पणती घेऊन गाडीच्या मागच्या चाकाशी वाकली आणि काडी ओढण्याआधीच थांबली.

"बाबा, इथे खाली फारच वास येतोय."

मी वाकलो. आणि वाचकहो, इतके दिवस न आलेला वास मला आला! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, बंदिस्त जागेत साठते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले, की ती पेटायला एक ठिणगी पुरते. इथे तर पणत्यांची रांगच मांडली जात होती.

मी काडीपेटी काढून घेतली, मुलांना दूर पाठवले. गाडी चालू केली नाही. शेजाऱ्यांना हाताशी घेऊन ती ढकलत मोकळ्या पटांगणात नेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. तेच अधिक लागले.

सकाळी मिस्त्री आला. मी वासाचे वर्णन अलंकारांसह करू लागलो, तेव्हा त्याने मला थांबवले. "सर, वास कसा येतो ते राहू द्या. कधी येतो आणि कुठं येतो, तेवढं सांगा."

'कोठे' आणि 'केव्हा' हे दोन्ही प्रश्न सप्तमीचे, हे मी गेली वीस वर्षे शिकवतो आहे. ते गाडीला विचारावेत हे मात्र मला सुचले नव्हते. सौभाग्यवतींनी क्षणात सांगितले, "टाकी भरली की दोन दिवस येतो. मागे बसलं की जास्त."

मिस्त्रीने मान डोलावली. सकाळी गाडी चालू करताना पुढून वास आला, तर इंजिनाजवळच्या नळ्या आणि इंजेक्टरची रबरी वळी तपासायची. टाकी भरल्यावर मागून आला, तर टाकीचे झाकण, भरण्याची नळी किंवा टाकीतल्या पंपाचा माथा पाहायचा. आमच्या गाडीत तो माथा मागच्या आसनाखाली असतो.

त्याने आधी बॅटरीची ऋण तार सोडली, टाकीतले निम्मे पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून घेतले आणि सगळ्यांचे मोबाइल लांब ठेवायला लावले. मग आसन उचलून खालची पत्र्याची झडप उघडली. पंपाच्या माथ्याभोवती धूळ भिजून काळे कडे धरले होते. आतले रबरी वळे बोटाने दाबताच चिरले. 2025 साली देशभर पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी भागांना ते मानवत नाही. पण सारा दोष इथेनॉलवर लादणे बरे नव्हे. बारा वर्षांत कोणते रबर ताठ होत नाही?

नवे वळे बसले. टाकी पुन्हा भरून, आसन बाहेर ठेवून, मिस्त्रीने तास-दीड तास वाट पाहिली. माथा कोरडा राहिला. आसनात मुरलेला वास जायला मात्र चार दिवस लागले.

निघताना तो मला एक कानमंत्र देऊन गेला. पंपावरची तोटी आपोआप थांबली, की आपणही थांबावे. "पैसे राउंड करा" म्हणून वर थोडे आणखी भरून घेण्याची माझी जी सवय, तिने वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा पेट्रोलने भिजतो आणि निकामी होतो. आणखी एक: गाडीखाली थेंब दिसला किंवा वास उग्र असला, तर किल्ली फिरवून 'बघू या' म्हणू नये, दारे उघडावीत, माणसे लांब न्यावीत आणि मिस्त्रीला गाडीपाशी बोलवावे.

सासुरवाडीला आम्ही एक दिवस उशिरा पोहोचलो. पाडव्याला सौभाग्यवतींनी ओवाळले, तेव्हा मी विचारले, "काय घालू ओवाळणी?"

"काही नको. पुढच्या वेळी मी वास येतोय म्हटलं, की 'कुठे?' असं विचारा. तेवढं पुरे."

यंदा निघण्यापूर्वी गाडीचे दार प्रथम त्याच उघडणार आहेत. मी मागे उभा राहून निकालाची वाट पाहणार आहे.