कूलंट बदलायचे असते, वाढवायचे नसते

शेंद्र्यात ‘कूलंट’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या घरातला माणूस सीएनसी मशीनवर शिफ्ट करतो, त्या घरात त्या वासाचे कपडे वेगळे धुतले जातात. धातू कापताना हत्यार तापते आणि त्यावर दुधासारखे पांढरे पाणी सोडतात, हे आमच्या वर्गातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पण हाच शब्द आता घरातल्या संगणकालाही लागू झाला आहे, हे पुष्कळांना नवीन वाटेल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी, डिझाइनची कामे घेणारी आणि (खरे सांगायचे तर) रात्र रात्र गेम खेळणारी मुले पाण्याने थंड होणारे संगणक घरी आणू लागली आहेत. आणतात हौसेने, पुढे त्याची निगा राखायची असते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

यंत्रणा सोपी आहे. संगणकाचा प्रोसेसर तापतो. त्याच्यावर तांब्याची एक डबी बसवलेली असते आणि तिच्या आत केसासारख्या बारीक फटी असतात. पंप त्या फटींतून पाणी फिरवतो, ते गरम होऊन नळीने रेडिएटरमध्ये जाते, पंखा त्याला निववतो आणि ते पुन्हा डबीकडे येते. मोटारीत जे चालते तेच. तेवढ्याच जागेतली हवा जितकी उष्णता उचलते, तिच्या जवळजवळ साडेतीन हजार पट पाणी उचलते, म्हणून हा खटाटोप.

आमचा एक जुना विद्यार्थी याच कामावर घर चालवतो. एका खोलीत संगणक, त्याच खोलीत लहान बहिणीचा अभ्यास. संगणकाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. ऐन लग्नसराईत त्याचा संगणक मध्येच मंदावू लागला, आतून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले, “पाणी कमी झालंय, घरचं फिल्टरचं टाका, चालेल.” मुलाने तांब्या भरून ठेवला आणि मग फोन केला, “सर, टाकू का?” आम्ही म्हटले, “बेटा, थांब. आधी आतलं पाणी कसं दिसतंय ते सांग.” पाणी गढूळ होते आणि टाकीच्या कोपऱ्याला हिरवट चिकटा धरला होता.

आपल्याकडच्या माणसाला हे लगेच पटायला हवे. शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, मधले दिवस टँकर नाही तर बोअर. बोअरचे पाणी जड. उन्हाळा संपताना कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तो क्षारांचा. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. संगणकातले पाणीही नळ्यांच्या भिंतींतून आणि जोडांतून अगदी हळूहळू उडत असते. कमी झाले म्हणून वरून साधे पाणी घातले की दर वेळी थोडे क्षार आत जातात आणि तिथेच राहतात. कूलरची जाळी बदलता येते. त्या बारीक फटी बुजल्या तर डबीच उघडावी लागते. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. कारखान्यातले अनुभवी ऑपरेटर हे जाणतात. मशीनच्या टाकीत नुसते पाणी वाढवत राहिले तर कूलंट बिघडते, सुट्टीनंतर मशीन सुरू केले की कुजका वास येतो, आणि मग सगळी टाकी उपसून धुवावी लागते.

पाणचक्की आपण सगळ्यांनी मुलांना दाखवलेली असते. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून तिथे आणले, उंचावरून हौदात सोडले, आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. बाहेर ऊन रणरणत असताना दालन गार राहते. पाण्याने थंड करण्याची ही आपल्या गावातली जुनी आणि झकास सोय. नहरीच्या वाटेवर उंच मनोरे बांधले होते, त्यांत पाणी चढून उतरे आणि नळांत कोंडलेली हवा निघून जाई. मलिक अंबरने सतराव्या शतकात सुरू केलेली ही विद्या. पुढे नळांत गाळ साचत गेला, तसे पाणी आटत गेले. हवा काढणे आणि गाळ काढणे, संगणकातही हीच दोन कामे आहेत.

त्या मुलाकडे रविवारी बसून जे केले ते असे. संगणक बंद करून प्लग काढला. जुने पाणी उतरवले. मग सीलबंद डिस्टिल्ड पाणी भरून, फिरवून, पुन्हा उतरवले. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे लागते, आम्हाला चार वेळा करावे लागले. डबी उघडून मऊ टूथब्रशने घासली. तिचे रबरी कडे तपासले. ते दबले किंवा चिरले असेल तर नवे घालायचे, तिथे काटकसर नको. नंतर तयार कूलंट भरले. यात गंज आणि शेवाळ रोखणारी औषधे असतात, म्हणून नुसत्या डिस्टिल्ड पाण्यापेक्षा ते बरे. भरल्यावर लगेच संगणक चालू केला नाही. बाकीच्या सगळ्या वायरी काढून फक्त पंपाला वीज दिली, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवले आणि एक दिवस तसेच चालू दिले. मधून मधून डबा कलता करून हवा काढली. पंप कोरडा मात्र क्षणभरही फिरवू नये, कारण पाणी हेच त्याचे वंगण. मुलगा उतावीळ झाला होता, दोन गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले. पण ओल्या जोडावर वीज सोडली असती तर संगणकही गेला असता आणि त्यातली दोन्ही लग्नेही. डिस्टिल्ड पाण्यातून वीज फारशी जात नाही हे खरे, पण आत फिरून त्यात धातूचे अंश उतरले की ते पाणी तसे राहत नाही.

आणखी एक खोड तिथेच सापडली. डबी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजत जाते. तो रेडिएटर आम्ही बदलायला लावला.

आता आमच्या भगिनींसाठी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. कूलंट लाल, गुलाबी, हिरव्या रंगांत येते. लाल कूलंट आणि पाण्यात कालवलेले रूह अफ़ज़ा बाटलीत शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाही. मोटारीच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे. उरलेले किंवा उतरवलेले कूलंट पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका, फ्रिजजवळ ठेवू नका. इफ्तारच्या घाईत मूल हात कुठे घालेल सांगता येत नाही. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. कुणी प्यायले तर घरगुती उपाय करत न बसता डब्यासकट दवाखाना गाठा.

मे महिन्यात आकडे पाहून घाबरूही नका. पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. बाहेर ४२ अंश आणि खोलीत ३६ असताना थंड देशातल्या व्हिडिओतला आकडा आपल्याला मिळणार नाही. रेडिएटरवरची धूळ मात्र दर महिन्याला ब्रशने काढावी. आपल्याकडे ती लवकर बसते.

ज्यांच्या घरी संगणक शाळेचा अभ्यास, अर्ज भरणे आणि हिशेब एवढ्यापुरता आहे, त्यांनी यात पडूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. साधा पंखा पुरतो, त्याला ना पाणी लागते ना गळतीची भीती. घ्यायचाच असेल तर सीलबंद तयार संच घ्या. त्यात काही भरायचे नसते आणि तो उघडायचाही नसतो. काही वर्षांनी पंप कुरकुरू लागला की सबंध बदलतात. उघडा, भरायचा संच घेणाऱ्याने वर्षातून एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा, शक्यतो लग्नसराई सुरू होण्याआधीचा.